मठाच्या दारातली हाक

आमच्या तिवरभाटच्या देवळात डावीकडची मेणबत्ती रोज विझते. वेदीमागच्या खिडकीची काच फुटलीय, तिथून खाडीचा वारा थेट आत येतो. हे मी फादरना कितीदा तरी सांगितलं. सांगितलं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, कारण मी तिवरभाटला नसते, सिंगापूरला असते. पुंगोलमध्ये, मुलाच्या फ्लॅटवर. आणि तिथली मेणबत्ती विझली की इथे माझ्या घशाखाली घास उतरत नाही. काय करणार, सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. चूक दिसली की तोंडातून निघतंच.

देऊळ म्हणजे चर्च. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती लोक पूर्वीपासून चर्चला देऊळच म्हणतो. माझी सून शुभदा पुण्याची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी म्हटलं, ‘मी देवळात जाऊन येते,’ तर तिने कौतुकाने विचारलं, कोणत्या देवाचं? हसावं की रडावं.

तिवरभाट म्हणजे खाडीकाठचं मूठभर गाव. केळीच्या वाड्या, एक बावखल, त्यात डुंबणाऱ्या म्हशी, आणि गावाला मुळीच न शोभणारं एवढं थोरलं देऊळ. पोर्तुगीजांच्या काळात फ्रान्सिस्कन साधूंनी तिथे मठ बांधला आणि मठाला लागून देऊळ. साधू गेले, मठाचं छप्पर गेलं, भिंतींतून वडाची झाडं वर आली. देऊळ मात्र तसंच उभं आहे. साधूंची एक रीतही राहिलीय. ती आम्ही सोडली नाही.

संध्याकाळी देवळाचं दार लावण्याआधी घंटा वाजवणारा माणूस दारात उभा राहतो आणि आत तोंड करून तीनदा हाक मारतो, ‘कोण राहिलंय का आत?’ म्हणे एकदा एक म्हातारा साधू प्रार्थना करता करता वेदीमागे झोपला. बाकीच्यांनी दार लावलं आणि ते होड्यांत बसून खाडीपलीकडच्या बेटावर सणाला गेले. बऱ्याच दिवसांनी परत आले तेव्हा तो दाराशीच मरून पडला होता. तेव्हापासून ही हाक. आतून कुणी ‘ओ’ दिली की दार लावायचं नाही. आतला माणूस बाहेर येईपर्यंत हाक मारणाऱ्याने उंबऱ्यावर थांबायचं. घाई करायची नाही आणि कारणही विचारायचं नाही.

लहानपणी आम्ही पोरं खांबाआड लपून खोटी ओ द्यायचो आणि मार खायचो. ती गंमत होती. पण माझे यजमान पास्कोल गेले, त्यांना मातीआड करून सगळे घरी परतले, तेव्हा मी तिसऱ्या बाकावर खांबाशी बसून राहिले. माझी जागा तीच. संध्याकाळी इनासची हाक आली. इनास म्हणजे आमचा घंटा वाजवणारा, लहानपणी माझ्याच वर्गात होता. मी ओ दिली आणि हलले नाही. चांगला अंधार पडला, डास फोडून काढायला लागले. इनास उंबऱ्यावर बसून राहिला. मी बाहेर आले तेव्हा त्याने दार लावलं, किल्ली खिशात टाकली आणि माझ्या चार पावलं मागून घरापर्यंत चालत आला. एक शब्द बोलला नाही. माझं सांत्वन करायला सगळं गाव येऊन गेलं होतं. लक्षात राहिलं ते एवढंच.

मग उज्ज्वल, माझा मुलगा, मला इकडे घेऊन आला. नात आर्या तान्ही होती, दोन महिन्यांसाठी ये म्हणाला. मग माझा गुडघा बिघडला, मग कोरोना आला, मग तिकडच्या घराचं छप्पर बसलं. ‘तिथे तुला कोण बघणार?’ हे त्याचं पालुपद. खरंच आहे. तिवरभाटची निम्मी घरं बंद आहेत. पोरं वसई रोडच्या फ्लॅटमध्ये नाहीतर कॅनडात.

इथे मला काही कमी नाही, आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल म्हातारी कृतघ्न आहे. उज्ज्वल बँकेत, शुभदा अकाउंट्समध्ये. दोघं पोरं गुणी आहेत, पण घरी येतात दमून, आणि आल्यावर प्रत्येकाच्या हातात आपापला फोन. आर्याला मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. ‘बाळा, माझ्याशी पत्ते खेळतेस?’ म्हटलं की इथल्या ढंगात ‘लेटर लाह, आजी.’ तिचं ते ‘नंतर’ कधी उगवत नाही. खाली बाकांवर चिनी आज्या बसलेल्या असतात. आम्ही एकमेकींकडे बघून हसतो. भाषाच नाही, तर हसून हसून किती हसणार?

रविवारी मी इथल्या चर्चमध्ये जाते. छान आहे, एसी आहे. पहिल्याच रविवारी मी गावच्या सवयीने बाकावर रुमाल ठेवून पाणी प्यायला गेले. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, लोक टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरतात, तेव्हा मला वाटलं इथेही जागा धरायची रीत असणार. परत आले तर माझ्या जागी तिसरंच कुटुंब, आणि रुमाल एका स्वयंसेवक मुलीने हरवलेल्या वस्तूंच्या डब्यात टाकलेला. मुलगी फार गोड बोलली. मी मागे उभी राहिले.

गावाला मात्र यातलं काही कळू दिलं नाही मी. आमच्या बायकांच्या ग्रुपवर माझे फोटो बघाल तर मी नुसती बागडतेय. कधी समुद्रकिनारा, कधी ऑर्किडची बाग. ‘टीचर, मजा आहे तुमची,’ असं सगळ्या म्हणायच्या आणि मी म्हणायची, ‘वेळच पुरत नाही गं.’ झाकली मूठ सव्वा लाखाची.

कोरोनात देवळं बंद झाली तेव्हा आमच्या देवळाने मिस्सा, म्हणजे रोजची सामूहिक प्रार्थना, मोबाइलवरून यूट्यूबवर दाखवायला सुरुवात केली. कोरोना सरला तरी ते चालू राहिलं. रोज संध्याकाळी पाचला तिकडे मिस्सा, म्हणजे इकडे साडेसात. त्या वेळी घरात माझ्याशिवाय कुणी नसतं. आर्या ट्यूशनला, बाकी दोघं वाटेत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टॅब टेकवून बसते. पुढे पाचसात डोकी दिसतात, सगळी पाठमोरी, पण मला पाठींवरून माणसं ओळखू येतात. मिस्सा संपते, फादर जातात, डोकी जातात. मोबाइल तसाच स्टँडवर चालू असतो, कारण तो बंद करायचं काम इनासचं. तो आधी मेणबत्त्या विझवतो. डावीकडची आधीच विझलेली असते. मग दारात जाऊन हाक मारतो.

‘कोण राहिलंय का आत?’

आणि पुंगोलच्या स्वयंपाकघरात बसून मी ओ देते. मोठ्याने देते. ‘आहे रे इनास, मी आहे.’ तीन हाका, तीन वेळा ओ. मग तो येऊन मोबाइलचं बटण दाबतो आणि पडदा काळा होतो. दिवसभरात माझ्या तोंडून मोठ्याने निघालेलं मराठी बहुतेक वेळा तेवढंच.

वेडेपणा आहे, मला कळतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या महिन्यात फादर सारंगचा फोन आला. तरुण आहेत, नुकतेच आमच्याकडे बदलून आलेत, स्वभावाने गरीब. मी त्यांना मेणबत्तीवरून, माइकवरून, वाचन करणाऱ्या पोरीच्या उच्चारांवरून इतकं छळलंय, तरी आवाज कधी चढवला नाही त्यांनी.

‘टीचर, एक विचारायचं होतं,’ ते म्हणाले. ‘रोजचं लाइव्ह आपण एक तारखेपासून बंद करतोय. फक्त रविवारचं ठेवू. देवळाचा फोनही जुना झालाय, नेटही फार जातं.’

मी म्हटलं, ‘का? लोक बघतात की.’

‘तेच बघितलं मी. रोज बघणारा एकच माणूस आहे. गेले कित्येक महिने एकच.’ ते जरा अडखळले. ‘म्हटलं, तो एक माणूस म्हणजे तुम्ही तर नाही? तुम्ही बघत असाल तर ठेवतो मी चालू. एका माणसासाठीसुद्धा ठेवीन.’

बघा, किती सरळ विचारलं होतं. हो म्हणायचं होतं, एक अक्षर. पण माझ्या डोळ्यांपुढे आली ती फादरची पुढची वाक्यं, मग त्यांच्या स्वयंपाकिणीची, मग बायकांच्या ग्रुपवरची कुजबुज. ‘बिचारी टीचर. सिंगापूरला नेलंय, पण संध्याकाळी एकटी बसून रिकामं देऊळ बघते.’ बिचारी हा शब्द मला कधी सहन झालेला नाही.

‘छे हो,’ मी म्हटलं. ‘मी कुठली रोज बघायला? मला इथे कामं थोडी आहेत? कधीतरी चुकून लावते, तेव्हाच नेमकी तुमची मेणबत्ती विझलेली दिसते. बंद करा खुशाल.’

‘बरं,’ फादर म्हणाले. त्यांना हायसं वाटलं असावं.

फोन ठेवला आणि मी स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते लिहिण्यासारखं नाही. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. उज्ज्वलला सांगून बघितलं, आडून आडून. तो बूट काढत होता. म्हणाला, ‘अगं, रविवारचं आहेच ना? आणि इथल्या चर्चमध्ये रोज मिस्सा असते. एलआरटीने दोन स्टॉप. तेवढंच तुझं चालणं होईल.’ त्याचं काही चुकलं नाही. मिस्सा इथे मिळते. पण इथे दार लावताना हाक कोण मारतो?

शेवटच्या दिवशी मी दुपारपासूनच बेचैन होते. आमटीत मीठ दोनदा पडलं. साडेसातला टॅब लावला. मिस्सा झाली. फादरनी शेवटी सांगितलं, ‘रोजचं प्रक्षेपण उद्यापासून थांबतंय, बघणाऱ्यांचे आभार.’ बघणाऱ्यांचे, म्हणे. पाठी उठल्या, एकेक करून गेल्या. इनासने मेणबत्त्या विझवल्या. तोही आता वाकलाय. चालताना बाकांना धरत धरत जातो. मोबाइलच्या मागे, दारात जाऊन उभा राहिला.

‘कोण राहिलंय का आत?’

‘आहे रे,’ मी म्हटलं.

‘कोण राहिलंय का आत?’

आणि मग माझ्या मनात आलं, आता तिसरी हाक येणार, हा बटण दाबणार, आणि मी आत असताना हे दार लागणार. कायमचं. त्या म्हाताऱ्या साधूसारखं. त्याने ओ दिली नव्हती, झोपला होता बिचारा. मी तर जागी आहे. मी ओ देतेय. ती पोचत नाही, एवढंच.

मी फोन घेतला आणि ज्या नंबरवर मेणबत्तीचे मेसेज पाठवायची तो लावला. देवळाचाच नंबर. देवळाचा फोन म्हणजे तोच, जो स्टँडवर उभा होता.

आधी माझ्या कानात रिंग वाजली. मग थोड्या वेळाने टॅबमधून, तिवरभाटच्या रिकाम्या देवळात, तीच रिंग वाजताना मला ऐकू आली. केवढी घुमली ती. इनासची पावलं दारातून वळलेली ऐकू आली. बाकं धरत धरत तो मोबाइलच्या समोर आला. त्याचा चेहरा मोठा मोठा होत गेला, मग नुसतं नाक आणि पांढरी दाढी, आणि चित्र तसंच थिजलं. कानातला फोन कट झाला. मी पुन्हा लावला.

‘हॅलो? मिस्सा झाली. फादर घरी गेले,’ इनास ओरडला. फोनवर ओरडायचं असतं अशी त्याची समजूत आहे.

‘इनास, मी लता.’

‘कोण लता?’

‘पास्कोलची लता. टीचर.’

‘लताबाय? अगं, सिंगापूरहून? काय झालं? सगळी बरी आहेत ना?’

‘तू हाक मारलीस,’ मी म्हटलं.

‘मारली. मग?’

‘मग ओ देतेय. मी राहिलेय आत.’

खाडीचा वारा ऐकू येत होता, आणि कुठेतरी कावळे. मला वाटलं, आता हा हसणार. मग त्याने विचारलं, ‘कधीपासून?’

‘कोरोनापासून. रोज.’

‘आणि रोज ओ देतेस?’

‘देते. तुला ऐकू जात नाही.’

‘म्हणजे मी रोज आत माणूस ठेवून दार लावलं,’ इनास म्हणाला. एकदम हळू बोलला. इतक्या हळू तो कधी बोलत नाही. ‘इतकी वर्षं. माझ्या बापाच्या हातून कधी असं झालं नाही, लताबाय.’

‘अरे, तुला काय माहीत?’

‘माहीत नसतं म्हणूनच हाक मारायची असते ना?’

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि मला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

‘ये मग बाहेर,’ तो म्हणाला. ‘मी थांबतो.’

‘मला नाही रे येता येत.’

‘घाई नाही.’

त्याच्या पावलांचा आवाज आला, मग ‘आई गं’ म्हणून बसल्याचा. उंबऱ्यावर बसला होता, मला न बघता कळलं. फोन तसाच चालू होता. मग मी ते बोलले, जे मुलाला बोलले नाही, सुनेला नाही, फादरला तर नाहीच नाही. ‘मला इथे फार एकटं वाटतं, इनास. सगळे आहेत आणि फार एकटं वाटतं.’

‘हं,’ इनास म्हणाला.

बस, तेवढंच. कारण विचारायचं नसतं.

दाराचं कुलूप वाजलं, इकडचं, आमच्या फ्लॅटचं. उज्ज्वल आत आला. मला टेबलाशी रडताना बघून त्याची बॅग खांद्यावरच राहिली. ‘आई, काय झालं? कुणाशी बोलतेयस?’

‘देवळात आहे,’ मी म्हटलं. ‘येते थोड्या वेळाने.’

तो समोरची खुर्ची ओढून बसला. फोन काढला नाही. तिकडे मात्र देवळाच्या जुन्या फोनची बॅटरी संपली असावी, कारण आवाज मधेच तुटला आणि परत लावला तर लागेना.

सकाळी नऊच्या सुमारास फादरचा मेसेज आला. तिकडे उजाडताच पाठवलेला दिसत होता. नेहमीसारखा नमस्कारबिमस्कार काही नाही.

‘टीचर, देवळाचं दार रात्रभर उघडं होतं. इनासमामा घोंगडी घेऊन उंबऱ्यावर बसलेत. म्हणतात, आत माणूस आहे, दार लावता येत नाही. मी आत जाऊन बघितलं, कुणी नाही. ते म्हणतात, टीचरना विचारा.’

मी चष्मा पुसला. पहिलं मनात आलं ते नेहमीचंच, मला काय माहीत, मला इथे कामं थोडी आहेत? बोटं त्याच अक्षरांवर गेलीसुद्धा. मग खोडलं आणि लिहिलं:

‘फादर, मी आहे आत. तिसऱ्या बाकावर, खांबाशी. रोज असते. मागे मी तुम्हाला खोटं सांगितलं. इनासला घरी जायला सांगा, त्याचे गुडघे दुखतात. म्हणावं, लता बाहेर आली. संध्याकाळी परत येईल.’

पाठवलं आणि कुकर लावायला उठले. तांदूळ धुताना फोन वाजला. हात ओलेच होते. फादरचं उत्तर एका शब्दाचं होतं.

‘या.’